विकत घेतलेलं अ‍ॅनिमेशन आपल्या कॅरेक्टरवर नीट बसत नाही तेव्हा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यालाही कळेल. तुम्ही युनिटीत (गेम बनवायचं इंजिन) मावळ्यांच्या लढाईचा छोटा गेम करताय. मावळ्याचं मॉडेल मित्राने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केलंय, हाडंही त्यानेच बसवलीत. तलवारबाजीच्या साठेक क्लिप्सचं एक पॅक तुम्ही विकत घेतलंत. विकणाऱ्याच्या व्हिडिओत सगळं लोण्यासारखं चालतं. तुमच्याकडे मात्र काही क्लिप्स लागतच नाहीत. ज्या लागतात त्यांत हात अंगापासून फाकलेले राहतात आणि पाय घोट्यापर्यंत जमिनीत जातात. मावळा वार करत पुढे सरकतो आणि वार संपला की टुणकन मूळ जागी परत येतो. ब्लेंडरमध्ये नेऊन दुरुस्त करायला गेलात तर होतं तेही बिघडलं. आणि शेवटी विचारलंय, पैसे परत मागू का?

अजून मागू नका. मी दहा-बारा वर्षं हेच काम करतोय. अशा दहा तक्रारींतल्या आठ-नऊ वेळा पॅक धड असतं आणि घोळ अवतारात (म्हणजे काय ते खाली सांगतो), पॅकच्या किंवा आपल्याच कॅरेक्टरच्या, निघतो. चूक दिसते क्लिपमध्ये, म्हणून माणूस क्लिपच कुरतडत बसतो. तीन दिवस तुम्हीही तेच केलंत.

आधी एक पाच मिनिटांची तपासणी. नवीन रिकामा प्रोजेक्ट उघडा. त्यात फक्त ते पॅक टाका, मावळा नको. बहुतेक पॅकबरोबर एक डमी बाहुला येतो, त्याच्यावर क्लिप चालवून बघा. बाहुला भडक गुलाबी दिसला तर घाबरू नका. त्याचं मटेरियल वेगळ्या रेंडर पाइपलाइनसाठी केलेलं आहे एवढंच, हालचालीशी त्याचा संबंध नाही. गुलाबी बाहुला जर व्हिडिओतल्यासारखाच तलवार फिरवत असेल, तर तुमचे पैसे सुरक्षित आहेत. तोही वाकडातिकडा हलला तर मात्र विकणाऱ्याला लिहा, खालचं काही वाचायची गरज नाही.

बाहुला नीट चालतोय असं धरून पुढे जातो.

क्लिप म्हणजे काय, हे एकदा डोक्यात पक्कं बसवा. त्या फाइलमध्ये तलवारबाजी नसते. अमुक नावाचं हाड, त्याच्या वरच्या हाडाच्या तुलनेत, अमुक क्षणी इतके अंश फिरलेलं आहे, अशी लांबलचक यादी असते. ती यादी एका विशिष्ट सांगाड्यासाठी लिहिलेली असते. त्या सांगाड्यात कमरेच्या हाडाचं नाव ‘पेल्व्हिस’ असेल आणि तुमच्या मित्राने ‘कंबर’ ठेवलं असेल, तर यादी तुमच्या मावळ्यापर्यंत पोचणारच नाही. युनिटीत क्लिपचा प्रकार ‘जेनेरिक’ असला की नेमकं हेच होतं. अ‍ॅनिमेशन विंडो उघडून बघा, हाडांच्या नावांपुढे पिवळ्या अक्षरांत ‘मिसिंग’ दिसेल.

यावर युनिटीने २०१२ साली, चौथ्या आवृत्तीबरोबर, ‘ह्युमनॉइड’ हा तोडगा आणला. त्यात मधे एक दुभाष्या बसतो. त्याचं नाव अवतार. (आपलाच शब्द, परदेश फिरून इंटरफेसमध्ये परत आलाय.) पॅकच्या सांगाड्याचा अवतार सांगतो की या नावाचं हाड म्हणजे डावा दंड, आणि टी-पोजमध्ये (सरळ उभं, हात दोन्हीकडे आडवे) ते असं असतं. मग क्लिपमधले अंश ‘डावा दंड त्याच्या मर्यादेच्या किती टक्के खाली’ अशा भाषेत उतरवले जातात. तुमच्या मावळ्याचा अवतार तीच भाषा उलट वाचून त्याच्या हाडांना फिरवतो. नावं जुळायची गरज उरत नाही. फक्त दोन्ही दुभाषे खरं बोलणारे हवेत. एकाने जरी खोटं सांगितलं तरी सगळं बिघडतं, आणि तेही दर फ्रेमला सारखंच बिघडतं. म्हणून ते अ‍ॅनिमेशनचंच दुखणं वाटतं.

आता लक्षणांवरून निदान. मावळा हात आडवे पसरून, टी-पोजमध्ये, ढिम्म उभा असेल तर क्लिप त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही. अ‍ॅनिमेटरमध्ये (कॅरेक्टरवर क्लिप्स चालवणारा घटक) अवतार लावलाय का, त्याच्या स्टेटमध्ये (एका हालचालीचा चौकोन) क्लिप आहे का, ते बघा. गुडघे दुमडून, हात पुढे करून, न दिसणाऱ्या मोटारसायकलवर बसल्यासारखा अर्धा जमिनीत रुतला असेल, तर मावळा ह्युमनॉइड आहे पण क्लिप जेनेरिकच राहिली आहे. ही बसकी पोज एकदा ओळखायला शिकलात की आयुष्यातले कित्येक तास वाचतात. दुभाष्याला काहीच सांगितलं नाही की सगळे स्नायू मधोमध येतात, त्याची ती पोज.

काही क्लिप्स लागतात आणि काही नाही, हे तुमच्याकडे का होतंय ते मला जवळजवळ खात्रीने सांगता येईल. पॅकमध्ये साठ एफबीएक्स (मॉडेल, हाडं आणि हालचाल ठेवायचा फॉरमॅट) फायली आहेत. बहुतेकांत मॉडेल नाही, नुसती हाडं आणि हालचाल. तुम्ही रिग टॅबमध्ये जाऊन ह्युमनॉइड केलंत आणि अवतारासाठी एक तर ‘क्रिएट फ्रॉम धिस मॉडेल’ ठेवलंत, नाही तर ‘कॉपी फ्रॉम अदर अवतार’ निवडून तिथे आपल्या मावळ्याचा अवतार टाकलात. दोन्ही चूक.

दुसरी चूक आधी सांगतो, कारण ती फार जण करतात आणि वरवर बरोबर वाटते: क्लिप मावळ्यावर चालवायची, मग अवतार मावळ्याचाच द्यायला हवा ना? नाही. त्या जागी क्लिप ज्याच्यावर बनली त्याचा अवतार हवा. मावळ्याचा दिलात की युनिटी त्या फाइलमध्ये मावळ्याची हाडं शोधते आणि न सापडल्याने कन्सोलमध्ये ‘ट्रान्सफॉर्म हायरार्की डझ नॉट मॅच’ असं सांगते, कोणतं हाड सापडलं नाही त्याच्या नावासकट. हा संदेश तुम्ही नक्की पाहिला असणार. मावळ्याचा अवतार फक्त मावळ्याच्या अ‍ॅनिमेटरमध्ये राहतो. क्लिपच्या फायलींना तो दाखवायचाही नाही.

पहिली चूक जास्त लबाड, कारण तिच्यात एररच येत नाही. ‘क्रिएट फ्रॉम धिस मॉडेल’ म्हटलं की प्रत्येक फाइल स्वतःचा वेगळा अवतार बनवते, आणि हाडं त्या फाइलमध्ये ज्या स्थितीत मिळतात तिथून युनिटी टी-पोजचा अंदाज बांधते. तलवारबाजीच्या क्लिपची सुरुवात कशी असते? गुडघे वाकलेले, खांदा फिरवलेला, तलवार कानाजवळ. यातून सरळ टी-पोज काढायला युनिटीला कधी जमतं, कधी नाही. म्हणून तुमच्या साठांतल्या काही क्लिप्स ठीक दिसतात, काहींत हात भलतीकडे जातात आणि त्यात कसलाच नेम दिसत नाही. साठ फायली, साठ दुभाषे, प्रत्येकाची बोली निराळी.

बरोबर रीत अशी. पॅकमधला डमी बाहुला किंवा ‘टी-पोज’ अशा नावाची फाइल शोधा. फक्त त्या एका फाइलला ‘क्रिएट फ्रॉम धिस मॉडेल’ द्या, ‘कॉन्फिगर’मध्ये जाऊन बाहुला खरंच टी-पोजमध्ये आहे का बघा आणि अप्लाय करा. मग बाकीच्या सगळ्या क्लिप फायली एकदम निवडून त्यांना ह्युमनॉइड, ‘कॉपी फ्रॉम अदर अवतार’ आणि त्या बाहुल्याचा अवतार द्या. रिग टॅब एकगठ्ठा निवडीवर चालतो, एकेक करत बसू नका. टी-पोजची फाइल दिलीच नसेल तर सगळ्यात शांत उभी असलेली क्लिप घ्या, तिचा अवतार बनवा, ‘पोज’च्या यादीतून ‘एन्फोर्स टी-पोज’ करा, कुठे तिरपं राहिलं असेल ते हाताने सरळ करा आणि तोच अवतार सगळ्यांना द्या.

एवढ्यावर तुमचं निम्मं दुखणं जाईल. उरलेलं मावळ्यात आहे.

मावळ्याचा एफबीएक्स निवडा, रिग, कॉन्फिगर. ह्युमनॉइडला कमीत कमी पंधरा हाडं लागतात: कंबर, कणा, डोकं, आणि दोन्ही बाजूंचे दंड, हात, पंजे, मांड्या, पोटऱ्या, पावलं. ती सगळी हिरवी दिसायला हवीत. मित्राने रिगिफाय (ब्लेंडरमधलं तयार हाडं बसवायचं साधन) वापरलं असेल तर इथेच अडेल. रिगिफायची हाडं ब्लेंडरमध्ये चालवायला सुरेख आहेत, पण ती बऱ्याचदा युनिटीला हवी तशी एकाखाली एक जोडलेली नसतात, आणि मांडी कमरेखाली सापडली नाही तर युनिटी त्याला माणूस मानत नाही. अशा वेळी साधा, सरळ साखळीचा सांगाडा बनवून घेणं स्वस्त पडतं.

हिरवं दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. युनिटी हाडं नावावरून आणि जागेवरून ओळखते आणि कधीकधी फार आत्मविश्वासाने चुकते. माझ्या एका गेममध्ये पागोटं घातलेला पाटील होता. पागोट्याच्या शेमल्याला हलण्यासाठी डोक्याखाली एक हाड दिलं होतं. क्लिप चालू केली की शेमला गळ्यातून आरपार जाऊन छातीवर यायचा. दोन दिवस मी कापडाच्या सेटिंग्ज चाळत होतो. शेवटी कॉन्फिगरमध्ये ‘हेड’चा टॅब उघडला तर युनिटीने शेमला जबडा म्हणून लावून घेतला होता. पॅकमध्ये जबड्याची हालचाल नाही, त्यामुळे तो ‘जबडा’ स्नायूच्या मधल्या जागी जाऊन बसला आणि शेमला गळ्यात घुसला. तेव्हापासून कॅरेक्टर बोलणारं नसेल तर जबड्याची जागा मी डोळे मिटून रिकामी करतो. तुमच्या मावळ्यालाही पागोटं आहे. आधी तिथे बघा.

आता फाकलेले हात. मित्राने मॉडेल ए-पोजमध्ये केलंय, म्हणजे हात आडवे नाहीत, तिरपे खाली आहेत, असं तुमच्या चित्रावरून दिसतं. त्यात गैर काही नाही, खांद्याचा आकार त्याने चांगला राहतो. पण अवताराला तो टी-पोज म्हणून दिलात तर हिशेब चुकतो. कुठल्या बाजूने चुकला हे हातांकडे बघून ओळखता येतं. मावळ्याचे हात पोटात घुसत असतील तर चूक मावळ्याच्या अवतारात: तिरपा हात त्याने आडवा समजला, आणि क्लिपने ‘खाली घे’ म्हटल्यावर आणखी खाली नेला. हात दोन्ही काखांत कलिंगडं धरल्यासारखे फाकलेले असतील तर चूक पॅकच्या अवतारात: तिथला तिरपा हात आडवा धरला गेला, त्यामुळे ‘पूर्ण खाली’चा निरोप ‘अर्धा खाली’ म्हणून आला. तुमची कलिंगडं आहेत. म्हणजे वर सांगितलेला पॅकचा अवतार नीट केलात की ती जाणार. तरी मावळ्यावरही एकदा ‘एन्फोर्स टी-पोज’ करा आणि खांद्याची हाडं खांद्याच्याच जागी लागलीत ना ते तपासा. खांद्याच्या जागी दंड लागला तर माणूस सतत ‘मला काय माहीत’ म्हणत खांदे उडवल्यासारखा दिसतो.

पाय जमिनीत जाण्याची कारणं दोन. एक, उंचीचा संदर्भ. क्लिपच्या अ‍ॅनिमेशन टॅबमध्ये ‘रूट ट्रान्सफॉर्म पोझिशन वाय’ आहे. त्याखाली ‘बेस्ड अपॉन’मध्ये ‘ओरिजिनल’ असेल तर ते ‘फीट’ करा. जमिनीवरच्या सगळ्या क्लिप्सना ‘बेक इंटू पोज’ द्या (म्हणजे ती हालचाल शरीराच्या पोजमध्येच राहते, कॅरेक्टरची जागा बदलत नाही), उडीच्या क्लिप्सना देऊ नका. दुसरं, पॅकचा बाहुला बूट घालून आहे आणि तुमचा मावळा अनवाणी किंवा वहाणांत. थोडा फरक त्यामुळे राहतोच. अ‍ॅनिमेटरच्या स्टेटमध्ये ‘फूट आयके’ला (पाऊल नेमक्या जागी टेकवून बाकीचा पाय त्याप्रमाणे वळवणारी सोय) टिक केलीत की बराचसा जातो, आणि उभं असताना पाय घसरल्यासारखे दिसतात तेही थांबतं.

आकार एकदा मोजून घ्या. युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर, ब्लेंडरमध्येही तसंच, पण एफबीएक्सचा जन्म सेंटिमीटरच्या घरातला. मधे कुठे शंभराने गुणलं-भागलं गेलं तर मावळा मुंगीएवढा होतो किंवा एका पावलात किल्ला ओलांडतो. मावळ्याशेजारी एक साधा क्यूब ठेवा. क्यूब कमरेच्या जरा वर येत असेल तर ठीक.

वार झाल्यावर मूळ जागी परत येणं ही वेगळी भानगड आहे, अवताराशी तिचा संबंध नाही. त्या क्लिपमध्ये माणूस खरोखर दीड-दोन पावलं पुढे गेलाय. ते पुढे जाणं दोन प्रकारे वापरता येतं. एक म्हणजे रूट मोशन: क्लिपमधलं अंतर कॅरेक्टरच्या गेमऑब्जेक्टला लागू होतं आणि तो सगळा, कोलायडरसकट (टक्कर ओळखणारा न दिसणारा आकार), पुढे जातो. दुसरा म्हणजे इन-प्लेस: क्लिप जागच्या जागी आणि पुढे नेण्याचं काम तुमच्या कोडचं. तुमच्याकडे क्लिप पहिल्या प्रकारची आहे आणि वागवताय दुसऱ्यासारखी. म्हणून मावळ्याचं शरीर पुढे जातं, कोलायडर मागेच उभा राहतो, आणि पुढची क्लिप सुरू झाली की शरीर कोलायडरकडे परत ओढलं जातं. सीन व्ह्यूमध्ये गिझ्मो चालू करून बघा, हिरवी कॅप्सूल मागे राहिलेली दिसेल. शत्रूचा वार मावळ्याला लागत नाही अशी जी ओळ तुम्ही प्रश्नाच्या शेवटी लिहिली आहे, तिचं कारणही हेच.

हल्ल्याच्या क्लिप्सना रूट मोशनच द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘रूट ट्रान्सफॉर्म पोझिशन एक्सझेड’चं (जमिनीवरून पुढे-मागे, बाजूला सरकणं) ‘बेक इंटू पोज’ काढा आणि अ‍ॅनिमेटरवर ‘अप्लाय रूट मोशन’ चालू करा. वार करताना पाय कुठे, कधी रोवायचा हे मोकॅपमधल्या (खऱ्या माणसाची टिपून घेतलेली हालचाल) माणसाने ठरवलंय, कोडने त्याची बरोबरी करायला जाऊ नये. चालण्या-पळण्याला मात्र मी इन-प्लेस घेतो, कारण तिथे खेळाडूच्या बोटाला ताबडतोब उत्तर हवं. पॅकमध्ये बऱ्याचदा एकाच चालीच्या दोन्ही आवृत्त्या असतात, फाइलच्या नावात ‘इनप्लेस’ किंवा ‘आरएम’ असं काहीतरी असतं. दोन्ही एकदम लावू नका. अ‍ॅनिमेटर पुढे नेतोय आणि कोडही नेतोय असं झालं की मावळा दुप्पट वेगाने, बर्फावरून घसरल्यासारखा धावतो. मधून बदलायचं असेल तर ‘ऑन-अ‍ॅनिमेटर-मूव्ह’ लिहून तिथे ठरवा, या क्षणी कोणाचं ऐकायचं.

इन-प्लेस चालीत पाय घसरतात ते वेगाच्या हिशेबामुळे. रूट मोशनच्या आवृत्तीत क्लिप निवडली की युनिटी सरासरी वेग दाखवते. पण मावळा बाहुल्यापेक्षा बुटका असेल तर तो आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. मी सरळ मोजतो: मावळ्याला रूट मोशनने दहा सेकंद चालवायचं, किती मीटर गेला बघायचं, दहाने भागायचं. समजा १४ मीटर गेला, तर कोडमध्ये वेग सेकंदाला १.४ मीटर. त्याहून जोरात चालवायचं असेल तर क्लिपचा वेगही त्याच प्रमाणात वाढवायचा.

आणि एक बारीक गोष्ट: नुसता उभा असलेला मावळा काही मिनिटांनी हळूहळू तिरका झालेला दिसतो का? मोकॅपमध्ये माणूस अगदी स्तब्ध कधीच नसतो, दर फेऱ्यात अंशभर वळणं साठत जातं. उभ्या क्लिपला रोटेशन, वाय आणि एक्सझेड तिन्हींचं ‘बेक इंटू पोज’ द्या.

तुमच्या गेममध्ये दांडपट्टा आहे असं लिहिलंय, म्हणून यावर जरा थांबतो. हे कुठल्याच पॅकमध्ये मिळणार नाही आणि सगळ्या सेटिंग्ज बरोबर असूनही चुकीचं दिसेल. विकतच्या तलवारबाजीत, मग ती युरोपी असो की जपानी, मनगट सतत खेळत असतं. पट्ट्याला मूठ नसते तशी, पोलादी हातमोजा असतो. तो कोपराच्या दिशेने वर चढतो आणि मनगट जखडून टाकतो. पातं म्हणजे हाताचीच पुढची वाढ. वार कोपरातून, खांद्यातून आणि सगळं अंग गरगर फिरवून येतो. कोल्हापूरकडचा मर्दानी खेळ एकदा जवळून बघा, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. मनगट मुरडणारा पट्टेकरी आपल्या लोकांना लगेच खटकतो, कारण नेमकं सांगता आलं नाही तरी.

यावर एक युक्ती आहे. अवताराच्या ‘मसल्स अँड सेटिंग्ज’मध्ये प्रत्येक स्नायूची मर्यादा बदलता येते. क्लिपमधला निरोप मर्यादेच्या टक्क्यांत येतो हे वर सांगितलं. मग उजव्या पंजाच्या ‘डाउन-अप’ आणि ‘इन-आउट’ या मर्यादा उणे पाच ते अधिक पाच अंशांवर आणा. मनगट जवळजवळ जखडतं आणि विकतच्या क्लिपमधला कोपर-खांद्याचा वार तसाच राहतो. हा बदल त्या अवताराच्या सगळ्या क्लिप्सना लागतो, म्हणून पट्टेकऱ्याच्या मॉडेलची वेगळी प्रत ठेवून तिला वेगळा अवतार द्या. पॅकमधल्या दोन्ही हातांनी तलवार धरायच्या क्लिप्स मात्र पट्ट्याला सोडूनच द्या. गरगर फिरण्याचे चार-पाच वार स्वतः करून किंवा करवून घ्यावे लागतील.

दोन हातांच्या क्लिप्सचा प्रश्न साध्या तलवारीलाही येतो. ह्युमनॉइड हाडांचं फिरणं नेतो, पंजा हवेत नेमका कुठे पोचला ते नेत नाही. तुमचा मावळा बाहुल्यापेक्षा रुंद छातीचा आहे, म्हणून डावा हात मुठीपासून चार बोटं बाजूला राहतो. तलवारीच्या मुठीवर एक रिकामा ऑब्जेक्ट ठेवा आणि अ‍ॅनिमेशन रिगिंग पॅकेजमधलं ‘टू बोन आयके’ लावून डावा पंजा त्याला बांधा. धोतर आणि शेमल्याची हाडं क्लिपला माहीतच नसतात, ती ताठ राहणार. त्यांना कापड किंवा स्प्रिंग हाडांचं वेगळं काम करा.

आता ब्लेंडर. क्लिप ब्लेंडरमध्ये आणून, जरा नीट करून, परत एफबीएक्स काढणं, हा मार्ग मी नवख्या माणसाला कधीच सुचवत नाही. एफबीएक्स हा फॉरमॅट माँट्रियलच्या कायदारा कंपनीने नव्वदच्या दशकात आपल्या फिल्मबॉक्स सॉफ्टवेअरसाठी केला, आणि कंपन्यांची खरेदी-विक्री होत तो २००६ साली ऑटोडेस्ककडे आला. त्याची आतली रचना खुली नाही. ब्लेंडरवाल्यांनी ती बाहेरून समजून घेऊन आपलं वाचन-लेखन लिहिलंय. शिवाय ब्लेंडरमध्ये हाडाचा वाय अक्ष नेहमी हाडाच्या लांबीच्या दिशेने असतो, ऑटोडेस्कच्या माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तसं बंधन नाही. त्यामुळे मायातला सांगाडा ब्लेंडरमधून फिरून आला की दिसायला तोच असतो, पण हाडांचे अक्ष बदललेले असतात. वर प्रत्येक बोटाच्या टोकाला ‘एंड’ नावाचं फालतू हाड चिकटतं आणि सगळ्यांच्या डोक्यावर ‘आर्मेचर’ नावाचा नवा मालक बसतो. मग मूळ बाहुल्याचा अवतार त्या फाइलला जुळत नाही. तुमचं होतं तेही गेलं ते इथे. ब्लेंडरमधून काढलेल्या त्या फायली टाकून द्या आणि पॅकमधल्या मूळ फायली परत आणा. वार थोडा वर-खाली हवा असेल तर युनिटीतच कंट्रोल-डी करून क्लिपची प्रत काढा आणि तीत बदल करा.

मित्राचं मॉडेल मात्र ब्लेंडरमधूनच येणार. त्याला एवढं सांगा: एक्स्पोर्टआधी स्केल अप्लाय कर, ‘अ‍ॅड लीफ बोन्स’ची टिक काढ, आणि एकदा काम सुरू झाल्यावर हाडांची नावं बदलू नको.

तलवारीचं टोक थरथरतं असं म्हणालात, ते कॉम्प्रेशनमुळे. युनिटी जागा वाचवायला कीफ्रेम्स गाळते. खांद्यात राहिलेली अर्ध्या अंशाची चूक कोपरातून, मनगटातून वाढत मीटरभर लांब पात्याच्या टोकाला चांगलीच दिसते. लढाईच्या क्लिप्सना कॉम्प्रेशन ‘ऑफ’ करून बघा. थरथर थांबली तर रोटेशन एरर ०.५ वरून ०.१ च्या आसपास आणा आणि कॉम्प्रेशन परत चालू करा. मोबाइलवर गेम द्यायचा असेल तर ते लागेलच.

रिग एकगठ्ठा होतो, पण लूप, बेक वगैरे क्लिपच्या सेटिंग्ज साठ फायलींना हाताने देणं म्हणजे शिक्षा. ‘अ‍ॅसेट-पोस्टप्रोसेसर’ची वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट लिहा. ‘ऑन-प्रीप्रोसेस-अ‍ॅनिमेशन’मध्ये फाइलच्या नावात ‘आयडल’ किंवा ‘वॉक’ असेल तर लूप आणि बेक चालू, ‘अटॅक’ असेल तर एक्सझेड मोकळं. जमल्यास क्लिपला फाइलचंच नाव द्या, नाहीतर अ‍ॅनिमेटरमध्ये साठ वेळा ‘टेक ००१’ दिसतं आणि कुठला वार कोणता ते कळत नाही.

तुमचा मित्र अनरिअल या दुसऱ्या गेम इंजिनकडे वळा म्हणतोय. तिथे दुखणी हीच आहेत, नावं वेगळी. एक एकक म्हणजे सेंटिमीटर, अवताराच्या जागी आयके रिग आणि आयके रीटार्गेटर. तिथेही दोन्ही बाजूंची मूळ पोज जुळवल्याशिवाय कलिंगडं जात नाहीत. चौथ्या आवृत्तीच्या बाहुल्याच्या कण्यात तीन हाडं होती, पाचव्यात पाच आहेत, त्यामुळे जुनी पॅक्स तिथेही रीटार्गेट करावीच (नव्या सांगाड्यावर बसवून घ्यावीच) लागतात. मिक्सामोवरून फुकट घेतलेल्या क्लिप्सना कमरेच्या वर रूट हाडच नसतं, आणि अनरिअलला रूट मोशनसाठी ते लागतं. नुसत्या या कारणासाठी इंजिन बदलू नका.

पैसे परत मागायची वेळ तीनच कारणांनी येईल: डमी बाहुल्यावरच क्लिप बिघडलेली असेल, जाहिरातीत रूट मोशन म्हटलं असून फायली सगळ्या जागच्या जागी असतील, किंवा ह्युमनॉइड म्हणून विकून सांगाड्यात ती पंधरा हाडंही धड नसतील. आणि तुमचा प्रोजेक्ट गिटवर (कोड आणि फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या ठेवायची जागा) सगळ्यांना खुला दिसतोय. पॅकच्या मूळ फायली तिथून आजच काढा, जुन्या कमिटमधूनही. गेममध्ये वापरायचा परवाना म्हणजे फायली वाटायचा परवाना नव्हे.

आधी पॅकचा अवतार, मग मावळ्याचा जबडा, मग हल्ल्यांचं एक्सझेड, या क्रमाने करा आणि प्रत्येक पायरीनंतर एकच क्लिप चालवून बघा. तरी अडलात तर मावळ्याच्या कॉन्फिगर खिडकीचं चित्र आणि कन्सोलमधली पहिली पिवळी ओळ जशीच्या तशी पाठवा. व्हिडिओ नको, त्यातून मला हातापायांपलीकडे काही दिसत नाही.